इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचा आवाज कमी-जास्त येतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी सेटअपला गिटार घेऊन येतं, कुणी रात्री अकराला व्हॉइस नोट पाठवतं, पण प्रश्न फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी घातली आहेत. तारांची मोजणी नेहमीचीच: बारीक ई ती पहिली, मग बी, जी, डी, ए, आणि जाड ई ती सहावी. पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं कंपन विजेत बदलणारा भाग. उत्तरं साध्या पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) पिकअपच्या, सहा तारांच्या गिटारला धरून आहेत. जिथे मामला वेगळा आहे तिथे तसं सांगितलं आहे.

१. एकाच तारेचा आवाज कमी येतोय. वायरिंग गेलं असेल का?

जवळजवळ नक्कीच नाही. पिकअपमध्ये बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, पण ती कॉइल सहाही तारांना मिळून एकच असते. प्रत्येक तारेखाली चुंबकाची कांडी किंवा स्क्रू वेगळा दिसतो खरा, पण वीज तयार होते ती एकाच कॉइलमध्ये आणि बाहेर पडते एकाच वायरने. व्हॉल्यूमचा पॉट बिघडला, जॅक ढिला झाला, स्विचवर गंज चढला किंवा केबल आतून तुटली, तर सहाही तारा एकदम दबतील, खरखरतील किंवा बंद पडतील. एकट्या बी तारेला वेगळं काढून गप्प करणं वायरिंगला जमत नाही.

तेव्हा सोल्डरिंग गन खाली ठेवा. बघायच्या जागा तीनच: ती तार स्वतः, तार आणि पिकअप यांच्यातलं अंतर, आणि तार जिथे जिथे टेकते ते नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी), फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू). अपवाद आहेत, पण थोडे. ते प्रश्न १३ मध्ये.

२. खरंच असमान आहे की मलाच तसं वाटतंय, हे कसं ठरवू?

ॲम्प क्लीन चॅनलवर घ्या. कंप्रेसर, रिव्हर्ब, डिस्टॉर्शन सगळं बंद. डिस्टॉर्शनमध्ये मोठा आणि लहान आवाज जवळपास एकाच उंचीला येतो, त्यामुळे दोष लपतो. गिटारवर टोन पूर्ण उघडा आणि एका वेळी एकच पिकअप निवडा. आता प्रत्येक तार एकाच जागी, एकाच जोराने, फक्त खालच्या दिशेने छेडा. आधी मोकळी, मग १२व्या फ्रेटवर. हीच फेरी दुसऱ्या पिकअपवर. शक्य असेल तर तेवढा वेळ गिटार दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. अर्ध्याअधिक वेळा कमी वाजणारी तार म्हणजे पिक जिथे हलका पडतो ती तार असते, आणि ते आपल्याच हाताला कळत नाही.

ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून लाटांची उंची बघता येते, पण मीटरला शेवटचा शब्द देऊ नका. कमी आवाजात आपला कान खर्जाला कमी दाद देतो. शिवाय सहाव्या तारेचा मोकळा सूर साधारण ८२ हर्ट्झचा, आणि टेबलावरच्या छोट्या ॲम्पचा स्पीकर तिथवर धड उतरतच नाही. जाड तार गिटारवर ठीक असते, ॲम्पमध्ये हरवते. ज्या आवाजाला वाजवता त्याच आवाजाला, आणि ॲम्प कोपऱ्यातून बाहेर ओढून ऐका.

मग निष्कर्ष असे: फक्त मोकळी तार दबत असेल तर प्रश्न ९. ठरावीक एक-दोन फ्रेटवरच मरत असेल तर प्रश्न १०. एकाच पिकअपवर कमी येत असेल तर ४ ते ८. सगळ्या पिकअपवर, सगळ्या फ्रेटवर कमी असेल तर तारेवरच संशय घ्या, म्हणजे पुढचा प्रश्न.

३. नवीन तारा टाकल्यापासून खालच्या दोन बारीक तारा किंचाळतात आणि बाकीच्या चार दबल्यात. असं का?

तारांचा रंग बघा. जाड तारा सोनेरी किंवा तांबूस दिसत असतील तर तुम्ही अकूस्टिकच्या तारा टाकल्यात. कोपऱ्यावरच्या दुकानात "गिटारच्या तारा द्या" म्हटलं की बऱ्याचदा त्याच हातात पडतात.

मॅग्नेटिक पिकअपला बोटांचा धक्का किंवा हवेतला नाद ऐकूच येत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात हलणारं पोलाद तेवढं कळतं. अकूस्टिकच्या वाउंड (गुंडाळी असलेल्या) तारेत गाभा पोलादाचा, पण वरची गुंडाळी ब्राँझची, आणि ब्राँझला चुंबक ओळखत नाही. म्हणजे पिकअपच्या लेखी ती तार फक्त गाभ्याएवढीच जाड. पहिल्या दोन प्लेन (बिनगुंडाळीच्या) तारा मात्र सबंध पोलादी, त्या पूर्ण आवाजात येतात. अकूस्टिकच्या सेटमध्ये बहुधा तिसरी तारही वाउंड असते, म्हणून चार दबलेल्या आणि दोन मोठ्या ही विभागणी.

चुंबक लावून परीक्षा घेऊ नका. गाभा पोलादी असल्यामुळे या तारेलाही चुंबक चिकटतोच, आणि माणसं त्यावरून उगाच निश्चिंत होतात. उपाय एकच: निकेल-प्लेटेड स्टीलचा इलेक्ट्रिकचा सेट. पिकअपला हात लावायची गरज नाही.

४. तारा इलेक्ट्रिकच्याच आहेत, पण तिसरी (जी) तार सगळ्यांच्या वर बोंबलते.

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा गिटार स्ट्रॅट घाटाची असते.

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. तेव्हाच्या सेटमध्ये जी तार वाउंड असायची. वाउंड जीचा आवाज कमी येतो, म्हणून तिच्याखालची चुंबकाची कांडी उंच ठेवली. शेजारची बी प्लेन आणि आवाजाला जास्त, म्हणून तिची कांडी सर्वांत बुटकी. त्या काळच्या तारांसाठी हिशेब चोख होता. पुढे बारीक सेट आले, जी तार प्लेन झाली, पण 'व्हिंटेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिकअपमध्ये कांड्यांची ती चढउतार आजही तशीच येते. सर्वांत उंच कांडीवर आता एक जाडजूड प्लेन तार बसते आणि सर्वांत बुटक्या कांडीवर बी. दोघींमधला फरक कानात खुपतोच.

त्यात तारेच्या जाडीची भर. १०-४६ च्या सेटमध्ये जी १७ ची आणि बी १३ ची (आकडे इंचाच्या हजाराव्या भागात). पोलादाचं क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाने वाढतं, म्हणजे जीमध्ये बीच्या सुमारे १.७ पट पोलाद. चौथी डी तार हाताला २६ ची लागते, पण तिचा गाभा जीपेक्षा बारीक असतो. त्यामुळे सपाट कांड्यांच्या पिकअपवरही जी थोडी पुढे राहते, फक्त त्रास कमी होतो.

करायचं काय? फुकटातला उपाय म्हणजे पिकअप थोडा खाली घेणं. तार जितकी जवळ तितका कांड्यांच्या उंचीतला फरक जास्त जाणवतो. अंतर वाढलं की तो फरक विरतो. गेलेला आवाज ॲम्पवर भरून काढा. दुसरा उपाय, सुटी १६ ची जी तार घेऊन टाकणं. फार बेंड न करणाऱ्या (तार बाजूला ताणून सूर न चढवणाऱ्या), जॅझकडे झुकलेल्या माणसाने वाउंड जी लावली तर जुनी रचना पुन्हा आपोआप बरोबर बसते. आणि पैसे खर्चायचेच असतील तर सपाट कांड्यांचा पिकअप घ्या. जुन्या पिकअपमधली कांडी ठोकून खाली बसवणं हा उपाय नाही. का, ते पुढे.

५. कांडी किंवा स्क्रू स्वतः वर-खाली केला तर चालेल का?

वर पेचकसाची खाच दिसते का बघा. हंबकरच्या (दोन कॉइलचा पिकअप, प्रत्येक कॉइल सहाही तारांना मिळून) एका रांगेत आणि पी-९० या सिंगल कॉइल पिकअपमध्ये स्क्रू असतात. ते फिरवण्यासाठीच दिलेले आहेत. पाव आटा फिरवा, ऐका, मग पुढचा पाव. दबलेल्या तारेचा स्क्रू वर घेण्याआधी बोंबलणाऱ्या तारेचा खाली करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. स्क्रू फार वर आला की त्या तारेचा आवाज वाढण्याबरोबर तिचा पोतही बदलतो आणि ती वेगळीच वाजायला लागते. कोकणात, गोव्यात, मुंबईत हे स्क्रू गंजून घट्ट बसलेले सापडतात. पिकअपवर थेट स्प्रे मारू नका; टाचणीच्या टोकाने गंजनाशक तेलाचा एक थेंब, आणि रात्रभर थांबा.

स्ट्रॅट, टेलीच्या (फेंडरचीच टेलीकास्टर) जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये गुळगुळीत कांडी हाच चुंबक असतो आणि केसापेक्षा बारीक तांब्याची तार थेट त्या कांड्यांना लागून गुंडाळलेली असते. कांडी हलली की आतला वेढा तुटतो आणि पिकअप कायमचा मुका. व्हिडिओत कुणी हातोडीने ठोकताना दिसेल. त्याचा तुटला नाही हे त्याचं नशीब.

६. पिकअपची उंची नेमकी किती ठेवायची?

पहिली आणि सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या बाजूपासून कांडीच्या माथ्यापर्यंत मोजा. सुरुवातीचे आकडे: व्हिंटेज घाटाच्या सिंगल कॉइलला सहाव्या तारेखाली २.४ मिमी, पहिलीखाली २ मिमी. साध्या सिंगल कॉइलला २ आणि १.६. हंबकर असेल तर ब्रिजचा १.६ आणि नेकचा (मानेकडचा) २.४ च्या आसपास. नेककडे तारेचा झोका मोठा असतो, म्हणून तिथला पिकअप नेहमी जास्त खोल.

जाड तारा मिळून दबल्या किंवा बारीक तारा मिळून दबल्या, तर दोष एका तारेचा नाही, पिकअप तिरका बसलाय. त्या बाजूचा स्क्रू अर्धा आटा फिरवून ऐका. स्क्रू फिरतोय पण पिकअप जागचा हलत नसेल तर खालची स्प्रिंग किंवा रबराची नळी गेली आहे. जुन्या गिटारीत ही नळी कडक होऊन चुरा होते आणि पिकअपची एक बाजू आत लोंबकळते.

दिशेचा गोंधळ पुष्कळांचा होतो. प्लास्टिकच्या पट्टीला किंवा रिंगला टांगलेला पिकअप स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की वर येतो. थेट लाकडात बसवून खाली फोम दिलेला पिकअप त्याच दिशेने फिरवला की खाली जातो.

हे काम सगळ्यात शेवटी करायचं. आधी नव्या तारा, मग मानेचा वाक, मग ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), मग पिकअप. ॲक्शन बदलली की हे सगळे आकडे बदलतात. पावसाळ्यात मान हलली आणि ॲक्शन वर-खाली झाली, की वैशाखात लावलेली उंची पुन्हा तपासावी लागते ती त्यामुळेच.

७. जवळ आणला की आवाज वाढतो, मग पिकअप तारेला भिडवून का ठेवू नये?

कारण चुंबक नुसता ऐकत नाही, ओढतोही. कांडीच चुंबक असलेल्या पिकअपमध्ये ही ओढ इतकी असते की तारेचं कंपन बिघडतं. सहाव्या आणि पाचव्या तारेवर १२व्या फ्रेटच्या पुढे वाजवून बघा: एका सुराऐवजी दोन सूर एकमेकांवर घासल्यासारखे ऐकू येतात, स्वर डळमळतो, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) काही केल्या जुळत नाही, सस्टेन (सुराचं लांबणं) आटतो. लोक ब्रिजचे सॅडल पुढे-मागे करून थकतात. पिकअप दीड-दोन आटे खाली घेतला की बहुधा सगळं मिटतं. हंबकरमध्ये चुंबक खाली आडवा असतो आणि ओढ कमी, त्यामुळे तो बराच जवळ खपतो.

८. पहिली तार क्षीण वाजते, आणि दुसरी-तिसरी बेंड केली की आवाज मध्येच गळतो.

समोरून नाही, बरोबर वरून बघा: तार कांडीच्या मधोमध जाते का? ब्रिजपाशी तारांचा पसरा आणि कांड्यांचा पसरा जुळत नसेल तर कडेच्या तारा कांडीबाहेर पडतात. जुन्या मापाचा हंबकर पहिली ते सहावी साधारण ५० मिमीचा, आणि स्ट्रॅटच्या ब्रिजवर तारांचा पसरा ५२ पासून ५६ मिमीपर्यंत. म्हणून रुंद मापाचे हंबकर वेगळे मिळतात. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक मात्र कानाला क्वचितच कळतो. विकत घेण्याआधी पहिल्या तारेचा स्क्रू अर्धा आटा वर करून ऐका.

फक्त पहिली तार बाहेर आणि सहावी खूप आत असेल तर मान सरकलीय. बोल्ट-ऑन मान असेल तर तारा ढिल्या करा, मागचे चार स्क्रू किंचित सैल करा, मान हाताने योग्य बाजूला दाबा आणि स्क्रू आवळा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तार फ्रेटबोर्डच्या कडेवरून घसरत असेल तर तेही थांबतं.

बेंड करताना तार दोन कांड्यांच्या मधल्या फटीत जाते, तेव्हा थोडा आवाज पडणारच. तो फारच पडत असेल तर आधी प्रश्न ७ पुन्हा वाचा: पिकअप फार जवळ असेल. सबंध पट्टीच्या ब्लेड पिकअपमध्ये ही फटच नसते.

९. मोकळी तार मिणमिणीत, पण फ्रेट दाबली की ठणठणीत. हे काय?

नट. खाच फार खोल गेली असेल तर तार पहिल्या फ्रेटला घासते आणि सतारीच्या जवारीसारखी झणझणते. आवाज लांबत नाही. खाच मागच्या बाजूला उंच आणि पुढे उतरती कापली असेल तर तार खाचेच्या आतच कुठेतरी टेकते आणि सूर बोथट होतो. परीक्षा सोपी: दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा. सगळ्या तारा सारख्या झाल्या तर दोष नटचाच.

याच्या उलट, मोकळी तार छान आणि दाबली की गुदमरते, तर ॲक्शन फार खाली आहे किंवा पुढचा एखादा फ्रेट उचलला गेलाय. पिकअप निर्दोष.

१०. एकाच तारेवर, एक-दोनच फ्रेटवर सूर पटकन मरतो. फ्रेट घासून पाहिले, तरी तसंच.

झणझण नसेल आणि सूर नुसता विझत असेल तर तो डेड स्पॉट. मानेला स्वतःची अशी एक कंपनाची गती असते. तार नेमक्या त्या गतीला वाजली की तिची ताकद मान पिऊन टाकते. बोल्ट-ऑन मानेच्या बास गिटारवर जी तारेच्या ५ ते ७ फ्रेटच्या आसपास हा हमखास सापडतो. हेडस्टॉकला (मानेच्या खुंट्या असलेल्या टोकाला) कापड लावून छोटा क्लॅम्प आवळा आणि पुन्हा वाजवा. सूर वाचला आणि दुसराच एखादा फ्रेट मेला तर निदान पक्कं झालं. वजन लावून ती जागा सरकवता येते, पुसून टाकता येत नाही. महागड्या गिटारीही याला अपवाद नाहीत, तेव्हा विकायची घाई करू नका.

११. सगळा सेट नवा, तरी एकच वाउंड तार मेल्यासारखी वाजते.

ती तार बदला. खुंटीला गुंडाळण्याआधी कापली गेली आणि गुंडाळी गाभ्यावरून सैल झाली, किंवा लावताना तार स्वतःभोवती पिळली गेली, की ती नवीकोरीच मरते. गोल गाभ्याच्या तारांत हे जास्त. खुंटीच्या पलीकडे आधी काटकोनात वाकवा, मग कापा. जुन्या सेटमध्ये मात्र घाम आणि मळ गुंडाळीच्या फटीत बसतो, म्हणून वाउंड तारा आधी बसतात आणि प्लेन मागून. समुद्रकाठच्या दमट हवेत हा फरक लवकर दिसतो.

१२. मधल्या डी-जी दबलेल्या आणि कडेच्या दोन्ही ई मोठ्या, असं कसं?

फ्रेटबोर्डची गोलाई. तारा कमानीत असतात आणि सपाट पिकअप सरळ रेषेत. जुन्या फेंडरची ७.२५ इंच त्रिज्या धरली तर मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा सुमारे पावणेदोन मिमी वर, म्हणजे पिकअपपासून तेवढ्या लांब. गिब्सनच्या १२ इंच त्रिज्येत हा फरक सुमारे एक मिमी. स्क्रू असतील तर मधले वर घेऊन तीच कमान द्या. स्क्रू नसतील तर पिकअप खाली घ्या, प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्याच कारणासाठी.

१३. म्हणजे विजेच्या दोषामुळे ठरावीक तारा कमी होतच नाहीत का?

होतात, जिथे कॉइल एक नसते तिथे. फेंडरच्या प्रिसिजन बासला १९५७ पासून दोन तुकड्यांचा पिकअप आहे: एक तुकडा ई-ए तारांचा, दुसरा डी-जीचा. दोन्ही सीरीजमध्ये जोडलेले. एका तुकड्याची कॉइल शॉर्ट झाली तर त्याच्या दोन तारा बसतात, दुसऱ्या दोन चालू राहतात. तीच कॉइल तुटली तर चारही जातात. मल्टिमीटरवर दोन्ही तुकड्यांचा रोध साधारण सारखा यायला हवा. पण त्याआधी उंची बघा. दोन्ही तुकड्यांचे स्क्रू वेगळे असतात.

गिटार सिंथसाठीचे प्रत्येक तारेला वेगळा सिग्नल देणारे पिकअप, आणि सहा सॅडलमध्ये सहा पिएझो (दाब ओळखणारे पिकअप) असलेले ब्रिज, यांतही एक तार एकटी जाऊ शकते.

१४. माझी इलेक्ट्रो-अकूस्टिक आहे, प्लग लावला की एक तार कमी येते. हेच सगळं लागू आहे का?

नाही. तिथे सॅडलखाली पिएझोची पट्टी असते आणि तिला दाब कळतो, चुंबकाचा संबंध नाही, म्हणून ब्राँझच्या तारा तिथे अगदी योग्य. सॅडलचा तळ सपाट नसेल किंवा खाचेत लाकडाचा एखादा कण अडकला असेल तर त्या तारेखाली दाब कमी पडतो. तारा सोडा, सॅडल काढा, खाच कोरड्या ब्रशने साफ करा. तळ काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर सरळ धरून हलका घासा. सॅडल बोटाने बसावं आणि बोटाने निघावं, तेवढाच घट्टपणा.

१५. कंप्रेसर किंवा इक्वलायझर लावून भागेल का?

आज रात्री कार्यक्रम असेल तर लावा. इक्वलायझर तार ओळखत नाही, कंपनसंख्या ओळखतो. बी तार वाढवायला गेलात की जीवर वर वाजवलेला तोच सूरही वाढतो.

१६. एका कांडीतलं चुंबकत्वच गेलं असेल का?

स्ट्रॅट-टेली घाटात शक्य आहे, कारण तिथे सहा चुंबक वेगवेगळे असतात. मोठ्या स्पीकरच्या चुंबकाला टेकवून ठेवलेला किंवा दुसऱ्या पिकअपला तोंडाला तोंड भिडलेला सुटा पिकअप असा बिघडू शकतो. हंबकरमध्ये एकच पट्टीचुंबक सगळ्या तारांना पुरवतो, तिथे एकच तार यामुळे जाणार नाही.

तारा काढा, दोऱ्याला लोखंडी टाचणी बांधा आणि प्रत्येक कांडीवर हळूहळू खाली सोडा. टाचणी कुठल्या उंचीवर झेप घेते ते पट्टीवर बघा. पाच कांड्यांवर सारखी आणि सहावीवर जवळजवळ टेकेपर्यंत सुस्त, तर संशय खरा. पुन्हा चुंबकित करून मिळतं, पण ते पिकअप गुंडाळणाऱ्याकडून. घरी निओडिमियमचे चुंबक फिरवलेत तर बाकीचे पाचही बिघडतील.

१७. मी डावखुरा आहे. उजवी स्ट्रॅट उलटी करून तारा पालटून लावल्या, तेव्हापासून ए तार दबते.

जिमी हेंड्रिक्सही उजवी स्ट्रॅट अशीच वाजवायचा. तारा पालटल्या की कांड्यांची चढउतार उलटी पडते: बीसाठीची सर्वांत बुटकी कांडी आता ए तारेखाली येते. ब्रिजचा तिरका पिकअपही उलटा पडतो, त्यामुळे जाड तारांकडे आवाज तीक्ष्ण आणि बारीक तारांकडे थोडा गोल होतो. काहींना नेमकं हेच हवं असतं. ए तार खुपत असेल तर सपाट कांड्यांचे पिकअप लावा. किंवा आहेत तेच थोडे खाली घ्या आणि मोजताना लक्षात ठेवा, की आता पिकअपच्या दोन बाजूंचे प्रश्न ६ मधले आकडेही अदलाबदल झालेत.